एकदा पडलेलं पाणी

मुरुडच्या समुद्रात बाप्तिस्मा घ्यायचं भाच्याने ठरवलं आणि मावशीने साफ विरोध केला. दोघेही ख्रिस्ती. भाचा पनवेलला नोकरी करतो आणि तिथल्या एका लहान मंडळीत जातो. त्या मंडळीत मोठ्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून आणि पूर्ण पाण्याखाली जाऊन बाप्तिस्मा घेतात. मावशी कोर्लईची, कॅथलिक. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली आणि रविवारची मिस्सा न चुकवणारी. भाचा तीन महिन्यांचा असताना कोर्लईच्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं गेलं, तेव्हा त्याला हातांवर घेऊन उभी होती ती हीच मावशी. ती त्याची धर्ममाता. म्हणून हा वाद धर्मशास्त्राचा होता तितकाच घरातलाही होता.

दोघांचा स्नेही म्हणून मी त्यांच्याबरोबर मुरुडात होतो. मी नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातला. आमच्याकडेही तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. तेव्हा मी तटस्थ नव्हतो, आणि इथेही तसा आव आणणार नाही.

कोर्लई मुरुड तालुक्यातच, कुंडलिका खाडीच्या मुखाशी आहे. खाडीपलीकडे रेवदंडा. 1521 पासून 1740 पर्यंत चौल-रेवदंड्याचा हा टापू पोर्तुगीजांकडे होता, मग मराठ्यांकडे आला. राज्य गेलं, पण कोर्लईची ख्रिस्ती माणसं तिथेच राहिली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली, जिला ती ‘नौ लिंग’ म्हणतात, अजून त्या एका गावात घराघरांत बोलली जाते. अशा गावात चर्चच्या रजिस्टरमधली नोंद म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. राजाश्रय नसताना या माणसांनी एकमेकांना धरून ठेवलं, ते त्या नोंदींच्या आधाराने.

“बाप्तिस्मा दोनदा होत नाही,” मावशीने सुरुवातच तिथून केली. “एकच बाप्तिस्मा आम्ही मानतो, असं आपण दर रविवारी उभं राहून म्हणतो.”

“मी दुसरा घेत नाहीये, मावशी. माझ्या लेखी हाच पहिला. तेव्हा मला काय कळत होतं?”

“तुला दूध पाजलं तेव्हा काय कळत होतं?”

“दूध पोटात गेलं की अंगी लागतं, कळो न कळो. विश्वासाचं तसं नाही. माझ्या वतीने तू ‘होय’ म्हणालीस. तू मनापासून म्हणालीस, हे मला माहीत आहे. पण ते ‘होय’ तुझं होतं.”

“आणि ते मी आजपर्यंत निभावलंय,” ती म्हणाली. “तुझ्या पहिल्या कम्युनियनला, तुझी आई गेली तेव्हा, तू चर्चला येणं सोडलंस तेव्हासुद्धा. त्या दिवशी मी फक्त शब्द उच्चारले नव्हते.”

खरी गाठ इथे होती. मावशीला पाण्यात बुडवण्याचं वावडं नव्हतं. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधीसंहितेत पाणी ओतणं आणि पाण्यात बुडवणं, दोन्ही रीती ग्राह्य आहेत. जागेबद्दल एवढंच म्हटलंय की अडचणीची वेळ सोडली तर चर्च हीच बाप्तिस्म्याची जागा. मात्र ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्यालाच तो देता येतो, हे कलम पक्कं आहे. भाचा समुद्रात उतरला की त्याचा अर्थ एकच होणार होता : कोर्लईला पडलेलं पाणी नुसतं पाणी होतं.

भाचा हुशार आहे, वाचतोही. त्याने वाद समुद्राकडे वळवला.

“योहानाने यार्देन नदीत बाप्तिस्मा दिला. येशूनेही तो नदीतच घेतला. पहिल्या मंडळीला ना कुंड होतं, ना चर्चची इमारत. मग उघडं पाणी हीच मूळ रीत नाही का?”

“‘दिदाखे’ वाचलंयस?” मावशीने विचारलं. हे पुस्तक फार जुनं, पहिल्या शतकाच्या अखेरचं किंवा दुसऱ्याच्या आरंभीचं. पहिल्या मंडळ्यांनी विधी कसे करावेत याची त्यात छोटी-छोटी सूत्रं आहेत. “वाहतं पाणी नसेल तर दुसरं घ्या, थंड चालत नसेल तर कोमट घ्या, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, असं त्यात सांगितलंय. म्हणजे ओतण्याची रीत पाद्र्यांनी आळसापायी मागाहून काढलेली नाही. पहिल्यापासून होती.”

“पण पहिली पसंती कशाला दिलीय? वाहत्या पाण्याला!”

“पसंती दिलीय. नसलं तर अडत नाही, असंही म्हटलंय. तू पसंतीची अट करतोयस.”

मी मध्ये पडलो. तर्तुल्यन हा दोनशेच्या सुमारास कार्थेजला होऊन गेलेला लेखक. बाप्तिस्म्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिणारा पहिलाच. समुद्र असो की तळं, नदी असो की झरा, किंवा साधं टाकं, धुणाऱ्या पाण्यात काही फरक नाही, असं तो सांगतो. योहानाने यार्देनेत ज्यांना बुडवलं आणि पेत्राने टायबर नदीत ज्यांना बुडवलं, ते त्याच्या लेखी सारखेच. या मुद्द्यावर तो मावशीच्या बाजूचा. पण त्याच पुस्तकात तो असंही म्हणतो की लहान मुलांना घाई करू नये, समज येऊ द्यावी. इथे तो भाच्याचा. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिने मान डोलावली. तिला ते ठाऊक होतं, तिने फक्त त्याचं नाव काढलं नव्हतं.

मुरुडच्या किनाऱ्यावरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिरा दक्षिणेला, राजपुरीच्या बाजूला आहे. तिथे सिद्दींनी राज्य केलं. सिद्दी म्हणजे हबशी, पूर्व आफ्रिकेतून आलेले. त्यांतले अनेक अबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाचे. ते मुसलमान होते आणि बाप्तिस्म्याशी त्यांचा संबंध नाही. तरीही त्या किल्ल्याच्या शेजारी बसून उघड्यावरच्या बाप्तिस्म्यावर बोलत असताना मला बायबलातला हबशी आठवल्यावाचून राहिला नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात तो येतो. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार, रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत गाझाच्या वाटेने परत चाललेला. फिलिप त्याला भेटतो, अर्थ उलगडून सांगतो. वाटेत कुठेतरी पाणी लागतं आणि तो माणूस विचारतो की आता मला कोण अडवतं. रथ थांबतो, दोघे पाण्यात उतरतात. साक्षीदार बायबलात सांगितलेले नाहीत. मंडळी नाही, रजिस्टर नाही. मी ही गोष्ट बोलून दाखवली.

“बघ!” भाचा म्हणाला. “त्याला कुणी विचारलं का, तुझी धर्ममाता कोण म्हणून?”

“नाही विचारलं. तो परदेशी होता, परतीच्या वाटेवर होता. त्या पाण्यानंतर त्याच्या मागे कुणी नव्हतं. म्हणूनच ती गोष्ट वाचताना मला त्याची काळजी वाटते. तुझ्या मागे माणसं आहेत.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “आणि हबशांचंच काढलंत तर पुढचंही ऐका. इथिओपियातले ख्रिस्ती दर जानेवारीत तिमकत नावाचा सण करतात. 19 तारखेच्या सुमारास. येशूचा यार्देनेतला बाप्तिस्मा आठवायचा. गोंदारला राजाने बांधलेलं जुनं स्नानकुंड आहे, तिथे पाणी आशीर्वादित करतात आणि माणसं त्यात उड्या घेतात. पण तो त्यांचा दुसरा बाप्तिस्मा नसतो. झालेल्या बाप्तिस्म्याची ती आठवण असते. तू असं का करत नाहीस? आपणही ईस्टरच्या आदल्या रात्री मेणबत्त्या हातात घेऊन तीच वचनं परत म्हणतो. समुद्रात उभा राहून म्हण. मी तुझ्या शेजारी पाण्यात उभी राहीन. फक्त त्याला बाप्तिस्मा म्हणू नकोस.”

हा प्रस्ताव मला फार मोठ्या मनाचा वाटला. कॅथलिक बाईने, या वयात, पदर खोचून समुद्रात उतरायची तयारी दाखवणं ही साधी गोष्ट नाही.

भाच्याने मात्र तो घेतला नाही. “मग मी लोकांना खोटं दाखवतोय असं होईल. मला आठवण करायची नाहीये. मला तो घ्यायचाय.”

हा नकार ऐकून तो हट्टी आहे असं वाटेल, पण मी त्याची बाजू समजू शकतो. प्रौढ बाप्तिस्म्याचा आग्रह ही हल्लीच्या मंडळ्यांची फॅशन नाही. झुरिखमध्ये जानेवारी 1525 मध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. राज्याने त्याला गुन्हा ठरवलं. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला 5 जानेवारी 1527 रोजी लिम्माट नदीत बुडवून मारलं. मारणारे प्रॉटेस्टंटच होते, आमच्याच घराण्यातले. ज्याला पाणी हवं होतं त्याला पाण्यानेच शिक्षा दिली. भाच्याने ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याचा आवाज वेगळा झाला होता. त्याच्यासाठी ते लोक पुस्तकातले नव्हते, पूर्वज होते. कोर्लईच्या पलीकडे त्याने स्वतःला आणखी एक वंशावळ जोडून घेतली होती.

“त्या तरुणांबद्दल मला आदर आहे,” मावशी म्हणाली. “पण झुरिखमधला तो पहिला बाप्तिस्मा कुठे झाला होता? नदीत नाही. मान्झच्या आईच्या घरात, डोक्यावर पाणी ओतून. त्यांचा जीव गेला तो प्रश्न ‘कधी आणि कोणाच्या इच्छेने’ हा होता. ‘कुठे’ हा नव्हताच.”

मुद्दा बिनतोड होता. भाच्यालाही तो मानावा लागला, पण समुद्र त्याने सोडला नाही.

“मला तो उघड्यावर हवाय, कारण सगळ्यांनी पाहावं. चर्चच्या चार भिंतींत जे आहेत त्यांना आधीच माहीत असतं.” आणि त्याने विल्यम कॅरीचं उदाहरण दिलं. कॅरीने 28 डिसेंबर 1800 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला हुगळी नदीत कृष्णपाल या सुताराला बाप्तिस्मा दिला. डॅनिश गव्हर्नर हजर होता, घाटावर हिंदू-मुसलमानही पाहायला उभे होते. कॅरीचा स्वतःचा बाप्तिस्माही 1783 मध्ये इंग्लंडात नेन नदीत झालेला. मराठी वाचकाला हा माणूस परका नाही. 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा आणि फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारा कॅरी तो हाच.

त्याच्या जोडीला मी आपल्याकडचं एक उदाहरण दिलं. पंडिता रमाबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला, अँग्लिकन चर्चमध्ये झाला. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिल्यावर तिथल्या मुलींचा बाप्तिस्मा भीमा नदीत झाला. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या मुली. घरात त्यांच्या असण्याला किंमत नव्हती. त्या दिवसाढवळ्या, सर्वांसमोर नदीत उतरल्या. रमाबाईंच्या आयुष्यातले हे दोन बाप्तिस्मे, एक परदेशी चर्चमधला स्वतःचा आणि दुसरा भीमेतला या मुलींचा, शेजारी ठेवून पाहिले की मला दुसरा अधिक मोठा वाटतो. तिथे पाणी त्यांच्या मुलखाचं होतं.

यावर मावशीने जे उत्तर दिलं ते मी विसरलेलो नाही.

“सगळ्यांसमोर म्हणजे कोणासमोर? भीमेवर मुली उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची मंडळी होती, जिच्यात त्या रोज जेवायच्या, दळायच्या, शिकायच्या. कृष्णपाल दुसऱ्या दिवशी त्याच घाटावर, त्याच शेजाऱ्यांना भेटणार होता. आणि इथे? शनिवार-रविवारी या किनाऱ्यावर मुंबई-पुण्याची माणसं येतात. घोडागाडी, बनाना बोट, भेळ. तू पाण्यात जाशील, कोणी फोन काढून शूटिंग करेल, आणि संध्याकाळी आपापल्या गावी जाईल. अशा माणसांपुढे दिलेली साक्ष कुणाला बांधते? ज्यांच्यात तुला उद्या राहायचंय, ज्यांना तुला चुकल्यावर हटकायचा हक्क आहे, त्यांच्यापुढे साक्ष दे. कोर्लईत तुला असं पाचशे माणूस ओळखतं.”

भाचा म्हणाला, “कोर्लईतली माणसं मला मावशीचा भाचा म्हणून ओळखतात.”

“वाईट आहे ते?”

“नाही. पण त्यांच्यापुढे मी जे काही करेन ते घराण्याचं होईल. इथे मी एकटा उभा राहीन.”

या क्षणी मला महाडची आठवण झाली, आणि मी ती बोलून दाखवली. महाड याच जिल्ह्यात. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. उघड्यावर, सगळ्यांसमोर. त्यानंतर सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं, आणि हक्काचा निकाल मुंबई हायकोर्टातून लागायला 1937 उजाडलं. रायगडच्या मातीत उघडं पाणी कधीच निव्वळ निसर्ग नव्हतं. कोण उतरणार, कोण पिणार, कोण दूर उभा राहणार, हे त्या पाण्यावर ठरत आलंय. समुद्र मात्र या कोकणात असं एकच पाणी आहे ज्याला घागरी ओतून कोणी आपलं करून घेऊ शकलं नाही. त्या पाण्यात बाप्तिस्मा घेण्यात मला अर्थ दिसतो, आणि तो सूर्यास्ताच्या देखाव्यात नाही. त्या पाण्याचा मालक कोणी नाही, यात आहे. निसर्गाच्या सान्निध्यात देव जवळ वाटतो, असं पुष्कळदा ऐकू येतं. ते मला पोकळ वाटतं. महाडनंतर तर फारच.

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमच्यातही सगळं धुतलं गेलं असं समजू नका. गोव्यात एकाच चर्चमध्ये जातीजातींच्या वेगळ्या कोंफ्रारी, म्हणजे धर्मबंधूंच्या संघटना, होत्या. एकाच कुंडातलं पाणी पडूनही माणसं वेगळ्या बाकांवर बसली. म्हणून मी म्हणते, पाणी समुद्राचं की कुंडाचं, याने काही होत नाही. पाण्यानंतर कोणाच्या शेजारी बसायचं, ते महत्त्वाचं.”

हे वाक्य खरं आहे आणि माझ्या म्हणण्याला छेद देणारं आहे. तरी मी माझं मत सोडत नाही. शेजारी कोण बसणार हे ठरवायची सुरुवात कुठेतरी व्हावी लागते, आणि मालक नसलेल्या पाण्यात ती अधिक स्वच्छ होते.

दरम्यान व्यवहाराच्या गोष्टीही निघाल्या होत्या, आणि त्या धर्मशास्त्राइतक्याच महत्त्वाच्या होत्या. शेजारच्या वाडीतले एक नाखवा गप्पांत येऊन बसले. त्यांना बाप्तिस्म्याशी देणंघेणं नव्हतं, समुद्राशी होतं.

“ओहोटीला उतरू नका,” त्यांनी सांगितलं. “ओहोटी आत ओढते. भरती चढत असताना उतरा. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नको. अष्टमीच्या आसपासचा भांग बघा, तेव्हा पाण्याला जोर कमी असतो.” भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणून आज पाहिलेली वेळ पुढच्या आठवड्याला धरून चालत नाही, हेही त्यांनीच बजावलं. दसरा-दिवाळीनंतर समुद्र निवतो. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

नाखवांचं बोलणं भाच्याने लिहून घेतलं. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले. मुरुडमध्ये हे कोणी विसरलेलं नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर धावलेल्या माणसांपैकी काही अजून त्याच वाड्यांत राहतात. त्यांच्या डोळ्यांसमोर कोणीही, कोणत्याही कारणाने, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून मागे झुकणार असेल तर त्याआधी त्यांना विचारायलाच हवं.

भाच्याने विधी कसा होतो ते दाखवलं. कमरेच्या वर पाणी. घेणाऱ्याने दोन्ही हात छातीशी आवळायचे, नाकावर रुमाल. पाळकाचा एक हात मानेखाली, दुसरा त्या आवळलेल्या हातांवर. शेजारी आणखी एक जण आधाराला. नदीत हे सोपं असतं. समुद्रात लाट ओसरली की पुढची यायच्या आत मागे झुकवून वर काढायचं. कपडे गडद आणि जाड सुती, कारण पातळ कपडे ओले झाल्यावर अंगाला चिकटतात. सुरूच्या झाडांमागे चादर धरून कपडे बदलायचे. एवढं सगळं एका श्वासाचं काम.

“एका श्वासाचं,” मावशीने मान हलवली. “मी तुला दीड तास हातांवर धरलं होतं. रडत होतास. त्या दिवशी चर्चमध्ये पाचसहा मुलं होती.”

“मावशी...”

“नाही, मी भांडत नाहीये. ऐक. तुला माहीत आहे ना, ख्रिस्तपुराण? फादर स्टीफन्सनी इथून खाली गोव्यात लिहिलं आणि 1616 मध्ये छापलं. येशूचं सगळं चरित्र मराठी ओवीत. माझी आजी शिकलेली नव्हती, पण यार्देनेची गोष्ट तिला त्या वळणात पाठ होती. ती मला सांगायची, मी तुझ्या आईला सांगितली. तू तीन महिन्यांचा असताना तुझ्यावर पाणी पडलं तेव्हा ही सगळी सांगणारी माणसं तुझ्यासाठी उभी होती. तू म्हणतोस त्यात तू नव्हतास. बरं, नव्हतास. पण ते सगळं काहीच नव्हतं, हे मी मानणार नाही.”

भाच्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं. त्याच्या मंडळीच्या शिकवणीत या प्रश्नाला जागाच नाही. आधीचा विधी रिकामा होता आणि आताचा भरलेला, एवढंच तिथे सांगतात. मला वाटतं, प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्या बऱ्याच मंडळ्यांची ही उणीव आहे. नवा विश्वास सांगायला त्यांच्याकडे सुंदर भाषा आहे, पण ज्यांनी त्या विश्वासापर्यंत आणून सोडलं त्यांचं काय करायचं, हे सांगायला शब्द नाहीत.

मला कवी रेव्हरंड टिळक आठवले. तेही कोकणात, दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेले. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी झाला, त्यांच्या स्वतःच्या वाटेने. टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत असा त्यांचा आग्रह होता. पाण्यामुळे माणसं तुटतात, हे त्यांनी स्वतःच्या घरात भोगलं होतं. मी हे बोललो तेव्हा मावशी आणि भाचा दोघेही माझ्याकडे पाहू लागले. एक मराठी ख्रिस्ती कवी दोघांनाही मान्य होता.

“मी काय करू, सांग,” भाचा म्हणाला. यावेळी त्याने वाद घातला नाही.

मावशीने विचार करून बोलायला घेतलं. “पाण्यात उतरण्याआधी तुम्ही सगळ्यांसमोर साक्ष देता ना? विश्वासात कसा आलो ते सांगता?”

“हो.”

“त्यात कोर्लईचं नाव घे. चर्चचं नाव घे. तुझ्यावर कोणी पाणी ओतलं, कोणी तुला हातांवर धरलं, ते सांग. माझं नाव नको घेऊस हवं तर, पण धर्ममाता होती हे सांग.”

“पाळक म्हणतील, तो बाप्तिस्मा नव्हताच.”

“पाळकांना म्हणू दे. तू काय म्हणतोस ते मला हवंय.”

भाचा म्हणाला, “तो बाप्तिस्मा झाला होता असं मी नाही म्हणू शकत, मावशी. तसं म्हटलं तर समुद्रात उतरण्यात अर्थ राहत नाही. पण त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी मला देवापुढे नेलंत आणि मी आज तिथूनच चालत आलोय, असं म्हणेन. ते खरं आहे. पाळकांनी ते वाक्य काढायला सांगितलं तर मी दुसरी मंडळी बघेन.”

माझ्या मते त्या संध्याकाळी झालेलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं हे होतं. दोघांनीही आपली श्रद्धा सोडली नव्हती. मावशीच्या चर्चच्या मते समुद्रातला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, आणि तिच्याही मते नाही. भाच्याच्या मते पहिला ग्राह्य नाही. या दोन मतांमध्ये तडजोड होत नाही आणि व्हायलाही नको. पण जे पाणी आपण मानत नाही ते ज्यांनी प्रेमाने आणलं, त्यांना नाव घेऊन मान देता येतो.

“मी पाण्यात उतरणार नाही,” मावशी म्हणाली. “ते आता शक्य नाही. ज्याला मी बाप्तिस्मा मानत नाही त्याला मी साक्षी राहू शकत नाही. पण तू ते वाक्य बोलणार असशील तर किनाऱ्यावर येईन. कोरडा टॉवेल माझ्याकडे असेल.”

मग तिने कोळी कॅलेंडर मागितलं. दिवाळीनंतरची अष्टमी शोधली, नाखवांना भरतीची वेळ विचारली, आणि भाच्याला म्हणाली, “फक्त रविवार धरू नकोस. रविवारी सकाळी मला मिस्सा आहे.”